पहिलं मशीन घेण्याआधी : झाडतोड आणि मातीकामात उतरणाऱ्या नव्या ठेकेदारांसाठी

दिवाळी झाली की माझ्या फोनवर एकच प्रश्न यायला लागतो. "दादा, जेसीबी घेतोय. कोणतं मॉडेल घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा पंचविशी-तिशीतला असतो. घरची थोडी जमीन, बँकेशी बोलणं झालेलं, हातात शोरूमचं कोटेशन. मी उलट विचारतो, "गेल्या वर्षी भाड्याचं मशीन किती तास चालवलंस?" याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं. झाडाच्या आणि मातीच्या कामात बुडालेले जे लोक मी पाहिले, त्यातले बहुतेक चुकीचं मॉडेल घेतल्यामुळे बुडालेले नाहीत. बरोबर मशीन दोन वर्षं आधी घेतल्यामुळे बुडालेत.

आधी तास मोजा

समजा, नवा बॅकहो-लोडर, ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, तुम्ही कर्जावर घेतला. कर्ज ३० लाख, मुदत चार वर्षं, व्याज १० टक्के. हप्ता महिन्याला ७६ हजारांच्या आसपास बसतो. ऑपरेटरचा पगार २५ हजार, हेल्परचा १२ हजार, विमा आणि टॅक्स मिळून ५ हजार. टायर, सर्व्हिसिंग, सांध्यांचे पिन-बुश, तेलाच्या होज, बकेटचे दात यांच्यासाठी महिन्याला २० हजार बाजूला ठेवायचे. बेरीज १ लाख ३८ हजार. तुमच्या तालुक्यात हे आकडे थोडे वरखाली होतील, पण यातली एकही ओळ खोडता येत नाही. वर्षाचे झाले साडेसोळा लाख.

वर्षाला १,२०० तास काम मिळालं तर ताशी १,३८० रुपये नुसता बांधलेला खर्च. त्यावर डिझेल. ताशी साडेपाच लिटर आणि लिटरला ९२ रुपये धरले तर आणखी ५०० रुपये. म्हणजे ताशी १,८८० रुपये हातात पडले तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. तेच २,००० तास मिळाले तर आकडा १,३३० च्या घरात उतरतो. आता तुमच्या भागातला जेसीबीचा चालू दर या दोन आकड्यांच्या शेजारी लिहा.

पावसाळ्याचे चार महिने काळ्या रानात मशीन उतरत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत २,००० तास म्हणजे महिन्याला २५०, रोज दहा तास. एवढं काम स्वतःच्या ओळखीवर आणता येतंय का, हे कळायला एक हंगाम जावा लागतो. म्हणून पहिलं वर्ष जेसीबी भाड्याने घ्या. काम तुम्ही धरायचं, मशीन दुसऱ्याचं, मधला फरक तुमचा. फरक थोडा असतो, पण हप्ता नसतो. एका वहीत प्रत्येक कामाची तारीख, गाव, जमिनीचा प्रकार, लागलेले तास आणि मिळालेले पैसे लिहा. वर्षअखेर ही वही तुम्हाला सांगेल की मशीन घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणतं.

पहिली खरेदी करवतीची

झाडाच्या कामात चेनसॉ हे तुमचं खरं पहिलं मशीन. इथे दोन करवती लागतात, एक नाही. फांद्यांसाठी १६ ते १८ इंच पात्याची हलकी, आणि खोडासाठी २० ते २५ इंच पात्याची दणकट. एकाच मोठ्या करवतीवर दिवसभर फांद्या कापणारा माणूस दुपारी तीनला थकतो आणि अपघात त्यानंतरच होतात. करवत घेताना एकच गोष्ट बघा : तिचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस एका तासाच्या अंतरावर आहे का. स्टिल (Stihl) किंवा हुस्कवार्ना या कंपन्यांची करवत महाग वाटते, पण स्वस्त करवतीचा कार्बोरेटर मे महिन्यात अडला आणि आठवडा गेला तर तो फरक तिथेच भरून निघतो.

पेट्रोलमध्ये टू-टी तेल किती, यावर नवखी माणसं फार चुकतात. चांगल्या करवतीला चांगलं टू-स्ट्रोक तेल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. काही स्वस्त करवतींना २५ ला १ सांगितलेलं असतं, म्हणजे ४० मिली. आपल्या करवतीच्या पुस्तिकेत काय आहे ते बघून बाटलीवर खूण करून ठेवा. अंदाजे ओतू नका. तेल कमी पडलं तर पिस्टन चिकटतो आणि करवतीच्या निम्म्या किमतीचं बिल येतं. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच करा. चेनला जे तेल लागतं ते वेगळं. जळकं इंजिन ऑइल घालणारे पुष्कळ आहेत. त्यातले धातूचे कण तेलाचा पंप आणि पातं दोन्ही खातात.

चेनची धार हा सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे, म्हणून थोडं थांबतो. लाकडातून तुकडे पडत असतील तर धार आहे, पीठ पडत असेल तर गेली. पीठ पडायला लागल्यावर माणूस करवत दाबतो. दाबली की पातं तापतं, चेन सैल होते आणि झटका बसण्याची शक्यता वाढते. कानस चेनच्या मापाची हवी : लहान करवतीवरच्या बारीक ३/८ पिको चेनला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ मिमी. बहुतेक चेनना कोन ३० अंशांचा, कानस आतून बाहेर एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखे हात. प्रत्येक टाकी भरताना दोन-तीन हात मारायची सवय लावा. बाभळीच्या सालीत माती असते, बांधावरच्या झाडात जुन्या कुंपणाची तार आणि खिळे असतात. अशा झाडाला कुऱ्हाडीने आधी साल काढून मग करवत लावा.

झटक्याबद्दल हे पक्कं लक्षात ठेवा की पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागता कामा नये. तो लागला की करवत डोळ्याचं पातं लवायच्या आत मान आणि चेहऱ्याकडे उसळते. चेन ब्रेक रोज सकाळी तपासा. जाळीचं हेल्मेट, कानाचं संरक्षण, बूट आणि मांडीवर चेनरोधक पँट यांचा खर्च करवतीच्या किमतीत धरूनच बजेट करा. चेनरोधक पँट उन्हात गरम होते हे खरं आहे. म्हणून सकाळी सहाला काम सुरू करा आणि अकराला थांबा. पँट घरी ठेवू नका.

तोडण्याची पद्धत, थोडक्यात

झाड कुठे झुकलंय, वजन कुठल्या बाजूला आहे, आत पोकळ आहे का हे आधी बघा. बुंध्यावर कुऱ्हाडीची पाठ मारून आवाज ऐका. पडायच्या दिशेला खाच घ्या, खोली बुंध्याच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. मागून जो काप घ्याल तो खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी न कापता सोडायची. ही पट्टी म्हणजे बिजागरी. ती झाडाला दिशा देते. ती कापून टाकली की झाड मनाला येईल तिकडे जातं. पळायची वाट मागच्या बाजूला तिरकी, आधीच साफ केलेली. झाडाच्या उंचीच्या दुप्पट घेरात दुसरं माणूस नको, जनावर नको.

फार झुकलेलं निलगिरीचं किंवा सुबाभळीचं झाड मागून सरळ कापलं तर खोड उभं फाटून उसळतं. ते छातीवर येतं. अशी झाडं सुरुवातीला घेऊच नका, जाणत्या माणसाला बोलवा. गुलमोहर, शेवगा आणि रेन ट्री यांच्या फांद्या वाळलेल्या दिसत नसल्या तरी अचानक तुटतात, त्यावर माणूस चढवताना दोर वरच्या, वेगळ्या फांदीला बांधलेला हवा.

आणि जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून फांद्या तोडायच्या नाहीत. हे आपल्याकडे प्रत्येक गावात चालतं, पावसाळ्याआधी तर रस्त्यारस्त्यावर दिसतं. बकेट माती उचलायला बनवलेली आहे. होज फुटली, ऑपरेटरचा हात लिव्हरला लागला किंवा कापलेली फांदी दांड्यावर आदळली तर वरच्या माणसाला धरायला काही नसतं. उंचीवरच्या कामासाठी बास्केट असलेली स्कायलिफ्ट दिवसाच्या भाड्याने मिळते. ते भाडं दरात धरा. ग्राहक नाही म्हणाला तर काम सोडा.

वीजतारांजवळ महावितरणचं परमिट घेतल्याशिवाय करवत सुरू करायची नाही. लाइन बंद झाली एवढं ऐकून भागत नाही. लाइनमन जागेवर असावा, त्याने अर्थिंग लावलेलं तुम्ही डोळ्यांनी बघावं, आणि काम संपल्यावर तुमची सगळी माणसं खाली उतरल्याचं तुम्हीच त्याला सांगावं. ११ हजार व्होल्टची तार ओल्या फांदीतून माणसापर्यंत येते, त्यासाठी तारेला हात लागावा लागत नाही.

परवानगी कुणाची, जबाबदारी कुणाची

"झाड मालकाचं, परवानगी मालक बघेल" असं म्हणून सुरू केलेल्या कामात करवत तुमची असते आणि गाडीही तुमची. जप्त होतं ते तेच. म्हणून परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका.

ग्रामीण भागात १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, बिजा, हळदू, तिवस, आईन, किंजळ, अंजन आणि खारफुटी ही झाडं आहेत. यातलं एकही झाड मालकाच्या स्वतःच्या शेतात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. बांधावरच्या आंब्यावर सर्वांत जास्त माणसं अडकतात, कारण आंबा "घरचा" वाटतो. शहरात १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आणि महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं वृक्ष प्राधिकरण. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. शहरात नुसत्या छाटणीलाही आधी उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो.

तोडण्याची परवानगी आणि लाकूड नेण्याचा वाहतूक परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही जातींना वाहतुकीतून सूट आहे, त्यांची चालू यादी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात मिळते. ती घेऊन गाडीच्या कागदांत ठेवा. नाक्यावर रात्री दहाला तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात बगळे, रातबगळे आणि पाणकावळे मोठ्या झाडांवर वसाहती करतात. घरट्यात पिल्लं असलेली फांदी पाडली तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो. मी कायद्यासाठी हे सांगतोय असं नाही. खाली पडलेली पिल्लं एकदा बघितली की माणूस पुढच्या झाडाला आधी मान वर करून बघतो.

गाडी : आकाराला फसू नका, वजन काढा

झाडाच्या कामात दोन प्रकारचा माल निघतो. पाला-फांद्या जागा खातात पण वजनाला हलक्या, ओंडके जागा थोडी घेतात आणि वजनाने गाडी मोडतात. सुरुवातीला दीड टनाच्या आसपासची पिकअप पुरते. पाऊण टनाचा छोटा हत्ती फांद्यांना बरा, ओंडक्यांना नाही.

ओंडक्याचं वजन काढायची रीत शिका. लाकूड बाजारात घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी असं घनफूट काढतात. सहा फूट घेर, तेरा फूट लांबी : दीड गुणिले दीड गुणिले तेरा, म्हणजे साधारण २९ घनफूट. ही रीत विक्रीसाठी आहे, ती साल आणि वाया जाणारा भाग सोडून मोजते. ओंडक्याचं खरं घनफळ ३७ घनफूट असतं, पाव हिश्शाहून जास्त. ओल्या लाकडाचा घनफूट २८ किलोच्या जवळ धरायचा, म्हणजे हा एक ओंडका एक टनाच्या वर जातो. मी सुरुवातीला बाजारातल्या घनफुटावरून वजन धरलं आणि असे दोन ओंडके पिकअपमध्ये टाकले. घाटात मागचा पाटा तुटला. गाडी कठड्याला टेकून थांबली म्हणून आज लिहितोय.

हाच हिशेब हायड्रा क्रेन बोलावतानाही करा. १४ टनी हायड्रा १४ टन उचलते ती बूम (क्रेनचा लांबणारा हात) आखूड आणि ओझं पुढच्या चाकांच्या अगदी जवळ असताना. बूम लांबवली की क्षमता झपाट्याने खाली येते. केबिनमधला लोड चार्ट ऑपरेटरला उघडायला लावा. चार्ट नसेल तर दुसरी हायड्रा बोलवा.

ट्रॅक्टर-ट्रॉली हा आपल्याकडचा सगळ्यात सोपा पर्याय वाटतो, आणि तिथे कागदाचा खड्डा आहे. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने लाकूड किंवा मुरूम वाहायला लावला तर आरटीओचा दंड तर होतोच, पण अपघात झाला की विमा कंपनी दावा नाकारते. धंद्यात वापरायचा असेल तर नोंदणी आणि विमा दोन्ही व्यावसायिक करून घ्या, ट्रॉलीसकट.

मातीकामात हिशेब ब्रासचा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सुट्या मुरमाचा ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो. दहा चाकी हायवाचं एकूण वजन कायद्याने २८.५ टन, त्यातून गाडीचं स्वतःचं ११-१२ टन वजा करा. उरतात १७ टन, म्हणजे पावणेचार ब्रास. बॉडीत पाच-सहा मावतात म्हणून पाच-सहा भरतात. दर ठरवताना तुम्ही पावणेचारच धरा, नाहीतर दर टिकवण्यासाठी रोज जास्त भरावं लागेल आणि टायर, ब्रेक व दंड यात तो पैसा परत जाईल.

मुरूम किंवा माती गटाबाहेर विकायला, भरावाला न्यायची तर गौण खनिजाची परवानगी, स्वामित्वधन आणि महाखनिज प्रणालीवरचा वाहतूक पास लागतो. नसला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि गाडी तहसीलच्या आवारात जाते. आवारात उभ्या गाडीचा हप्ता चालूच असतो.

जेसीबी की पोकलेन

हा वाद चहाच्या टपरीवर सुटत नाही, तो जमिनीवर सुटतो. जेसीबी टायरवर चालतो, स्वतः गावोगाव जातो, पुढच्या बकेटने भरतो आणि मागच्या हाताने खोदतो. पाइपलाइनचे चर, घराचे पाये, झाडांचे बुंधे काढणं, ट्रॉली भरणं, बांध सरळ करणं यासाठी त्याच्यासारखं मशीन नाही. खोदाई साधारण १५ फुटांपर्यंत जाते. पोकलेन पट्ट्यावर चालतो, ट्रेलरवरून न्यावा लागतो, पण एका जागी बसून मोठं काम करायचं तर तोच.

शेततळ्याचं उदाहरण घ्या. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार, म्हणजे तळ २४ बाय २४. घनफळ २,१९६ घनमीटर, सुमारे ७७६ ब्रास. मऊ मुरमात जेसीबीने मी ताशी २५ ते ३० घनमीटर धरतो, २० टनी पोकलेनने ८०. जेसीबीला ७५ ते ९० तास, पोकलेनला २७-२८. पोकलेनचा ताशी दर जेसीबीच्या अडीचपट असला तरी ट्रेलरच्या भाड्यासह तो स्वस्त पडायला लागतो, शिवाय दहा दिवसांचं काम तीन दिवसांत होतं. पण शेजारच्या शेतात फक्त पाच तासांचा चर असेल तर पोकलेन बोलावणारा ट्रेलरभाड्यातच मरतो.

खाली काय आहे हे दर ठरवण्याआधी बघा. काळी माती, त्याखाली मऊ मुरूम, मग कडक मुरूम आणि मग काळा पाषाण, हा क्रम दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी आहे, फक्त जाडी बदलते. जवळच्या विहिरीत डोकावलं की हा सगळा थर फुकट वाचता येतो. कोकणात जांभा लागतो. करारात लिहा : खडक लागला तर ब्रेकरचा दर वेगळा. हे एक वाक्य न लिहिल्यामुळे मी एका तळ्यात कमावलेलं दुसऱ्या तळ्यात घातलंय.

आणखी एक भांडण टाळा. खोदलेली माती सुटी झाल्यावर २० ते ३० टक्के फुगते. तुम्ही खड्डा मोजून १०० ब्रास म्हणाल, ट्रॉल्या मोजणारा १२५ म्हणेल, आणि दोघंही खरे असाल. मोजमाप खड्ड्याचं की ट्रॉलीचं, हे पहिल्या बकेटआधी ठरवा.

जुनं मशीन तपासताना

वहीने हो सांगितलं तर पहिलं मशीन जुनं घ्यायला हरकत नाही. सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन किती वेळात लागतं, धूर निळा आहे की काळा ते बघा. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढा. तिथून धुराचा भपकारा येत असेल तर रिंगा गेल्या.

पुढची बकेट मातीने भरून वर उचला, इंजिन बंद करा, पाच मिनिटं बघत राहा. भरभर खाली येत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह. मागचा हात लांब करून बकेट जमिनीपासून फूटभर वर ठेवा आणि हाताने डावी-उजवीकडे हलवा. लागतो तो खेळ पिन-बुशचा. मग ज्या खांबावर मागचा हात फिरतो त्या किंगपोस्टपाशी बसून रंग खरवडा. मी घेतलेल्या पहिल्या मशीनवर तिथे नवा रंग होता आणि मला तो नीटनेटकेपणा वाटला. रंगाखाली जुन्या तड्यावर मारलेलं वेल्डिंग होतं. तिसऱ्या महिन्यात ते सुटलं, ऐन एप्रिलमध्ये.

अवरमीटरवर विश्वास ठेवू नका. पेडलचं रबर, लिव्हरची मूठ आणि सीट बघा. ४,००० तास दाखवणाऱ्या मशीनचं पेडल गुळगुळीत लोखंड झालेलं असेल तर मीटर खोटं बोलतोय. मशीनला कंपनीची ट्रॅकिंग यंत्रणा असेल तर मालकाकडून तिची नोंद आणि सर्व्हिसची बिलं मागा. आरसी, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला, टॅक्स आणि चेसिस नंबर ही तपासणी पैसे देण्याआधी, नंतर नाही.

विमा घेताना एजंटला एक प्रश्न जरूर विचारा : काम करताना मशीन उलटलं तर भरपाई मिळते का? साध्या मोटार पॉलिसीत ती बहुधा नसते, उलटण्याच्या धोक्याचं जादा संरक्षण घ्यावं लागतं. माणसांसाठी कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी. ती करवत घेतलेल्या दिवशीच काढा, जेसीबीची वाट बघू नका.

रोजचं

सकाळी इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक तेल. मागच्या हाताच्या सगळ्या पिनांना दर दहा तासांनी ग्रीस. ग्रीसची बादली स्वस्त आहे, पिन-बुश महाग. एअर फिल्टर धुळीत लवकर भरतो. बाहेरचा झटकून चालतो, आतला हवेने फुंकू नका, बदला. नव्या मशीनची कॉमन-रेल इंजिनं डिझेलमधलं पाणी आणि कचरा अजिबात सहन करत नाहीत, त्यामुळे बॅरलमधून डिझेल घालताना गाळणी लावाच. रस्त्यावर काढताना मागच्या हाताचे बूम आणि स्ल्यू लॉक (हात हलू-फिरू न देणारे) लागलेले हवेत. दोन ब्रेक पेडल असतील तर ती खटक्याने जोडलेली हवीत. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून मशीन आडवं होतं.

खोदण्याआधी जमिनीखालचं विचारा. गॅसलाइन, ऑप्टिकल केबल, पाण्याची मुख्य वाहिनी. केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ पासून आहे, त्यावर कामाची सूचना टाका आणि ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यालाही जागेवर बोलवा, कारण गावातल्या जुन्या लाइनी फक्त त्याच्या डोक्यात असतात. दीड मीटरपेक्षा खोल चरात बाजूला उतार किंवा आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते, कमरेपर्यंत दाबलेला माणूसही ओढून निघत नाही. काढलेली माती चराच्या काठापासून निदान तीन फूट लांब टाका.

ऑपरेटर हा या सगळ्यातला महत्त्वाचा माणूस. त्याचं लायसन्स त्या प्रकारच्या मशीनचं आहे का ते स्वतः बघा. दिवसभर मोबाइल कानाला लावणारा कितीही हुशार असला तरी ठेवू नका. जो न सांगता ग्रीस मारतो आणि चिमणीतून वेगळा आवाज आला की मशीन थांबवतो, त्याला पगारवाढ मागायची वेळ येऊ देऊ नका.

कामावर पोचलात की ग्राहकाला अवरमीटर दाखवा, दोघांच्या फोनवर त्याचा फोटो काढा. संध्याकाळी पुन्हा फोटो, चिठ्ठीवर तास आणि सही. जेवणाची सुट्टी आणि रस्त्यावरचा प्रवास तासात धरायचा की नाही, हे त्या चिठ्ठीच्या मागे आधीच छापून घ्या. शंभर चिठ्ठ्यांचं पुस्तक गावातला छापखाना दोन दिवसांत करून देतो.